कल्याण कॅम्पला आलेला हत्ती

माझ्या तिसऱ्या अल्बममधलं एक पान रिकामं आहे. पाकीट अडकवायचे पारदर्शक त्रिकोण चारही कोपऱ्यांना चिकटवलेले आहेत. खाली पेन्सिलने दोन ओळी आहेत. पहिलीत प्राण्याचं नाव, स्टेगोडॉन गणेशा. दुसरीत पत्र जिथे पोहोचलं ते ठिकाण, कल्याण कॅम्प. मधली जागा कोरी आहे.

मी नामशेष झालेल्या प्राण्यांची टपाल-कव्हरं जमवतो. नुसती तिकिटं नाही. तिकीट लावलेलं, पोस्टात टाकलेलं, शिक्का बसलेलं आणि कुठे तरी पोहोचलेलं पाकीट किंवा पोस्टकार्ड असावं लागतं. कोरं तिकीट दुकानात मिळतं, ते सुंदरही असतं, पण त्याने काही काम केलेलं नसतं. माझ्याकडे मंगोलियातून प्रागला गेलेला मॅमथ आहे. क्यूबातून निघून पत्ता चुकल्यामुळे दोन देश फिरून आलेला डायनासोर आहे. एका जर्मन पोस्टकार्डावर पंख पसरलेला आद्यपक्षी आहे आणि त्याच्याशेजारी कुणी तरी कुणाला तरी कळवलं आहे की इथली हवा बरी आहे, गुडघा दुखायचा थांबला.

"मेलेल्या माणसांची पाकिटं, त्यावर मेलेली जनावरं," असं माझी बायको पाहुण्यांना सांगते. "आणि एवढ्या ढिगात आमच्या नावाचं एक पत्र नाही."

तिचं म्हणणं तथ्याला धरून आहे. वर्तमानपत्राच्या कचेरीत मी तीस वर्षं उपसंपादक होतो, तथ्याशी वाद घालायची सवय नाही.

सुरुवात अंबरनाथला झाली. वडील तिथल्या एका कारखान्यात आवक-जावक विभागात कारकून होते. कारखान्याची यंत्रं पूर्व युरोपातली होती, त्यामुळे सुट्या भागांची माहितीपत्रकं आणि तक्रारींची उत्तरं तिकडून यायची. वडील पाकीट फोडायचे, पत्र साहेबांकडे पाठवायचे आणि पाकीट टोपलीत टाकण्याआधी तिकिटाचा कोपरा कात्रीने कापून खिशात ठेवायचे. संध्याकाळी घरी येऊन शर्ट खुंटीला लावताना खिसा रिकामा व्हायचा. त्यातून पेन निघायचं, पास निघायचा, सुपारीची पुडी निघायची आणि शेवटी तो कोपरा.

"घे," ते म्हणायचे, "तुझी जनावरं आली."

पहिलं जनावर पोलंडचं होतं. लांब मान, लांब शेपूट, खांबासारखे पाय. दोन दिवस मी त्याला जिराफाचा नातेवाईक समजत होतो. पुढे शाळेत भूगोलाच्या सरांनी सांगितलं की आपल्या भागातला दगड लाव्हाचा आहे आणि लाव्हाच्या दगडात असल्या प्राण्यांची हाडं शोधायला जाऊ नये. अंबरनाथच्या शिवमंदिराच्या पायथ्याशी हत्तींची रांग कोरलेली आहे, तोही तोच काळा दगड. म्हणजे कोरलेले हत्ती आमचे होते. त्याहून जुने प्राणी आमच्याकडे यायचे ते टपालानेच, वडिलांच्या खिशातून.

कव्हर म्हणजे काय हे मला बऱ्याच उशिरा, नोकरीला लागल्यावर एका प्रदर्शनात कळलं. तिथे पाकिटं अख्खी लावलेली होती. पत्ता, शिक्का, मागचा पोहोचल्याचा शिक्का, सगळं. घरी येऊन मी वडिलांनी दिलेल्या कोपऱ्यांचा डबा उघडला. तिकीट होतं, अर्धा शिक्का होता. पत्र अंबरनाथला आलं हे सांगणारा भाग कारखान्याच्या टोपलीतून बंबात गेला होता. वडिलांना यातलं काही बोललो नाही. तोपर्यंत कारखाना बंद पडला होता आणि त्यांच्या खिशातून फक्त औषधाच्या गोळ्या निघायच्या. नंतर तेही गेले.

तेव्हापासून मी एक गोष्ट शोधतो आहे. असं एक कव्हर, ज्यावर असा प्राणी आहे आणि जे त्या काळी आमच्या या तीन गावांपैकी कुठे तरी पोहोचलं. उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापूर. जगभरातली पाकिटं मिळाली. इथलं मिळालं नाही.

ते दिसलं उल्हासनगरच्या एका दुकानात, काउंटरच्या काचेखाली.

दुकान पाकिटांचंच आहे. जाड कागदाची, पुठ्ठा घातलेली पाकिटं मापाने करून मिळतात, म्हणून मी बदलापूरहून तिथे जायला लागलो. मालक सिंधी गृहस्थ, आता ऐंशीच्या पुढे. फाळणीनंतर आईच्या कडेवरून इथे आले, तेव्हा हे गाव निर्वासितांचं कॅम्प होतं आणि लोक लष्कराच्या जुन्या बराकींत राहायचे. मी त्यांना काका म्हणतो. ते मला साईं म्हणतात आणि खुशीत असले की पेपरवाले. एके काळी कचेऱ्या त्यांच्याकडून पाकिटांचे गठ्ठे न्यायच्या. आता लग्नात आहेर द्यायची सोनेरी पाकिटं तेवढी खपतात.

त्या दिवशी ते मापाचा कागद कापत होते आणि मी काचेवर कोपर टेकून उभा होतो. काचेखाली देवाचं चित्र होतं, एका ट्रान्सपोर्टवाल्याचं कार्ड होतं आणि त्या दोहोंच्या मध्ये एक पिवळसर पाकीट. कोपऱ्यात दोन आण्यांचं, काळपट लाल तिकीट. तिकिटावर दोन हत्ती. पण सुळे हत्तीचे नव्हते. जमिनीपर्यंत गेलेले, आणि एकमेकांना इतके लागून की मधून सोंड खाली सोडायलाही जागा नसावी.

हे तिकीट प्रजासत्ताकाच्या अगदी सुरुवातीच्या काळातलं. देशाच्या भूगर्भाच्या पाहणीला शंभर वर्षं झाली म्हणून काढलेलं. प्राण्याचं शास्त्रीय नाव ठेवणाऱ्याने त्यात गणपती आणला, स्टेगोडॉन गणेशा. कोरं तिकीट सहज मिळतं. साध्या घरगुती पत्रावर, खरोखर प्रवास केलेलं, तेवढं सहज मिळत नाही. आणि या पाकिटावर इंग्रजीत बराकीचा नंबर होता, त्याखाली कल्याण कॅम्प. उल्हासनगरचं जुनं नाव.

मी एवढंच विचारलं, "काका, हे पाकीट कुणाचं?"

"वडिलांना आलेलं. चाचा माझे देवळालीच्या कॅम्पात होते, त्यांनी लिहिलेलं." त्यांनी कात्री खाली ठेवली. "का? हवंय?"

"विकणार असाल तर."

"दुकानात सगळं विकायचंच आहे साईं. मी पण विकायचा आहे, गिऱ्हाईक येत नाही. फक्त हे नाही."

आतलं पत्र राहिलं नव्हतं. वालधुनी नदीचं पाणी दुकानात शिरलं तेव्हा खालच्या खणातलं सगळं गेलं, पत्रही गेलं. पाकीट तेवढं वर देवाच्या फोटोमागे खोचलेलं होतं म्हणून वाचलं. पत्रात काय होतं ते त्यांना वडिलांकडून ऐकून माहीत होतं. नळाला पाणी येतं का, रेशनला रांग किती असते, धाकट्याचे दुधाचे दात पडले होते, नवे आले का.

"धाकटा म्हणजे मी," ते म्हणाले. "आता विचारलं असतं तर सांगितलं असतं, आले आणि गेले."

इंग्रजी पत्त्याच्या खाली त्यांच्या वडिलांचं नाव सिंधीत होतं, उजवीकडून डावीकडे लिहिलेलं, अरबी वळणाच्या अक्षरांत. मी ते वाचून दाखवायला सांगितलं. त्यांनी काचेवरून बोट फिरवलं.

"वाचता येत नाही. मी शाळेत देवनागरीत शिकलो. हे वडिलांचं नाव आहे एवढं माहीत आहे. चेहरा ओळखतो ना माणूस, तसं."

त्यानंतर मी महिन्याआड जाऊ लागलो. पाकिटांची इतकी गरज नव्हती. मी आलो की काका काच फडक्याने पुसायचे आणि म्हणायचे, "बघा, तुमचा हत्ती." मग चहा यायचा. एकदा त्यांनी कुठल्याशा एजंटाने दिलेलं डायनासोरचं परदेशी तिकीट एका नव्या कोऱ्या पाकिटावर डकवून माझ्यासाठी ठेवलं होतं. मी आभार मानले आणि सांगितलं की हे माझ्या संग्रहात बसणार नाही, याने प्रवास केलेला नाही. पोस्टाने पोहोचलेलंच मी धरतो.

"म्हणजे तिकीट काढून भागत नाही तुमच्याकडे," ते म्हणाले. "गाडीत बसून उतरायला पण पाहिजे."

एका खेपेला, मी काही विचारलं नसताना, ते म्हणाले, "मी गेलो की हत्ती घेऊन जा. सुनेला सांगून ठेवलंय."

त्याच आठवड्यात मी अल्बममध्ये ते पान केलं. त्रिकोण चिकटवले, पेन्सिलने दोन ओळी लिहिल्या. मग पुढची वाट बघणं अवघड झालं. पान भरायचं तर काकांना जावं लागणार होतं. मला ते नको होतं, आणि पान तर हवं होतं. त्यांची सून दुकानात मागे हिशेब बघत बसते. मी आल्या आल्या बीपी किती, गोळ्या वेळेवर घेतात का, असं विचारायचो. एकदा तिने मान वर न करता म्हटलं, "भाईसाहब, तुम्ही बाबांच्या तब्येतीची फारच चौकशी करता हं." काका इतके हसले की त्यांना ठसका लागला, आणि तिने पाण्याचा ग्लास माझ्याच हातात दिला. म्हणाली, "घ्या, तुम्हीच पाजा."

गेल्या वर्षी पाकिटांचा धंदा आणखी बसला तेव्हा सुनेने दुकानात झेरॉक्सचं आणि लॅमिनेशनचं मशीन आणलं. मला ते माहीत नव्हतं. मी गेलो तेव्हा मशीनवर कुंकवाचं स्वस्तिक होतं, खाली फुटलेल्या नारळाचं पाणी सांडलेलं होतं आणि काका पेढे वाटत होते. मी सवयीने काचेकडे बघितलं. देवाचं चित्र होतं, ट्रान्सपोर्टवाल्याचं कार्ड होतं. मधे फिकट रंगाचा चौकोन होता, इतकी वर्षं झाकलेल्या लाकडाचा.

"इकडे बघा, इकडे," काका म्हणाले.

मशीनच्या वरच्या खिळ्याला ते टांगलेलं होतं. चारही बाजूंनी प्लास्टिकची किनार, एका कोपऱ्याला भोक, भोकात लाल दोरा.

"मशीनचा मुहूर्त कशाने करायचा?" सून म्हणाली. "कुणाच्या तरी आधार कार्डाने? बाबा म्हणाले, पहिला मान आजोबांचा."

मी ते हातात घेतलं. अजून किंचित गरम होतं, की मला तसं वाटलं. उष्णतेने प्लास्टिक वितळून कागदात मुरतं, ते पुन्हा सोडवता येत नाही. पुढच्या हत्तीच्या सुळ्यावर हवेचा एक लांबट बुडबुडा राहिला होता. तिकिटाच्या कडेचे दाते सपाट झाले होते.

"आता शंभर वर्षं काही होत नाही," काका म्हणाले. "पाणी येऊ दे, वाळवी येऊ दे. कॅम्पात साईं, कागद नाही तर माणूस नाही, असा हिशेब होता. रेशनचा कागद, बराकीचा कागद, तिकडे काय सोडून आलो त्याचा कागद. वडील सगळे मेणकापडात बांधून उशाला घेऊन झोपायचे. हे मशीन तेव्हा असतं तर सगळे कागद यातून काढले असते. आम्हाला पण काढलं असतं." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "कसं झालंय?"

"टिकेल," मी म्हटलं.

"टिकेल ते मला माहीत आहे. कसं झालंय ते विचारलं."

खोटं बोलता आलं असतं. पण त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं होतं. मी म्हटलं, "जमवणारे आता याला कव्हर म्हणणार नाहीत. कागदाला हात लावता येत नाही. शिक्का, डिंक, कागद, काहीच तपासता येत नाही."

त्यांनी ते माझ्या हातातून घेऊन माझ्यासमोर धरलं. "वडिलांचं नाव दिसतं?"

"दिसतं."

"हत्ती दिसतो?"

"दिसतो."

"मग जमवणारे काय चाटून बघतात?"

सून हसली. मी पण हसलो. पेढा खाल्ला, माझी पाकिटं घेतली आणि निघालो. बदलापूरला उतरून घरी पोहोचेपर्यंत दुसरं काही सुचलं नाही. बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती.

"तुम्हाला मिळालं असतं तर तुम्ही कशात ठेवणार होता?"

"अल्बमात."

"त्या पानांवर प्लास्टिकच असतं ना?"

"ते पान वेगळं. त्यातून बाहेर काढता येतं."

"काढणार होता कधी?"

मला त्या कागदाला एकदा बोट लावायचं होतं. तो टपालाच्या पिशवीतून उतरला, कुणी तरी बराकी मोजत मोजत त्या दारापर्यंत नेला. वडिलांनी कापलेल्या प्रत्येक कोपऱ्याच्या मागे असाच एक कागद होता. तो माझ्या हातात कधी आला नाही, आणि हाही आता येणार नव्हता. हे भाजी निवडणाऱ्या माणसाला सांगता येईना.

मग काही महिने मी उल्हासनगरला गेलो नाही. आधी पाऊस होता, मग बारवी धरणाच्या पाइपलाइनचं काम निघून सोसायटीत टँकरची वाटणी माझ्याकडे आली. कारणं खरी होती. काकांचा फोन आला नाही, मीही केला नाही.

दिवाळीच्या आधी एका सकाळी सोसायटीच्या वॉचमनने मला गेटवर थांबवलं. "साहेब, पोस्टाने तुमच्या नावाने काही तरी आलंय. हॉटेलचं मेनू कार्ड आहे वाटतं."

ते पाकीट होतं. दुसऱ्या कुठल्या पाकिटात घातलेलं नव्हतं, तसंच्या तसं उघडं आलं होतं. लाल दोरा काढून टाकलेला होता. प्लास्टिकच्या मागच्या बाजूला माझ्या पत्त्याची चिठ्ठी डकवलेली, सुनेच्या अक्षरात. वर आजची तिकिटं, भरपूर गोंदाने चिकटवलेली, एक तिरकं. त्यांच्यावर उल्हासनगरचा शिक्का पडला होता. तिकिटांवर तो नीट उमटला होता, प्लास्टिकवर आलेला भाग फरकटला होता. मी तिथे बोट टेकवलं तर शाई बोटाला लागली.

मी फोन केला.

"पोहोचला?" काकांनी हॅलो न म्हणताच विचारलं.

"पोहोचला."

"शिक्का?"

"आहे. अर्धा."

"पोस्टात मी हत्तीचं तिकीट मागितलं. काउंटरवरच्या मुलीने फुलांचं दिलं. म्हणाली, आजोबा, जे आहे ते घ्या. आणि ती घेतच नव्हती आधी. म्हणाली, हे लॅमिनेशन आहे, याला पाकिटात घाला. मी म्हटलं, बेटा, हे पाकीटच आहे." ते दम घ्यायला थांबले. "तुमचा नियम आहे ना, पोस्टाने पोहोचलं तेच धरायचं? मग आता धरा. बदलापूरला पोहोचलं, तुमचं झालं."

मी म्हटलं, "काका, हे तुमच्या वडिलांचं आहे."

"म्हणून तर सांगतोय, बघून झालं की परत टाका. पोस्टातच टाका, हातात घेऊन येऊ नका. मग ते पुन्हा माझं. तुमच्याच नियमाने." मागून सून काही तरी म्हणाली. "ही म्हणते, तब्येत चांगली आहे, चौकशी करू नका."

दिवाळीभर ते माझ्याकडे राहिलं. मी अल्बम काढला आणि त्या पानावर ठेवून बघितलं. प्लास्टिकच्या किनारीमुळे ते चारही बाजूंनी मोठं झालं आहे, त्रिकोणांत बसत नाही. त्रिकोण हलवता आले असते. मी हलवले नाहीत. कोपऱ्यांचा डबा काढून वडिलांनी आणलेला पहिला कोपरा, पोलंडचा, शेजारी ठेवला. त्याचा कागद मऊ पडला आहे, कडेला कात्रीची रेघ सरळ नाही. तो मी बोटात धरला आणि कल्याण कॅम्पचा पत्ता वाचला. बायको फराळाचं ताट घेऊन आली, उभ्या उभ्या बघत राहिली.

"हे सिंधीत काय लिहिलंय?" तिने विचारलं.

"त्यांच्या वडिलांचं नाव."

"काय नाव?"

"ते त्यांनाही वाचता येत नाही."

तिने ताट खाली ठेवलं आणि त्या अक्षरांवरून प्लास्टिकवरूनच बोट फिरवलं, उजवीकडून डावीकडे. तिला दिशा कुणी सांगितली नव्हती.

भाऊबीज झाल्यावर मी माझ्या पत्त्याची चिठ्ठी न काढता तिच्यावर एक रेघ मारली आणि खाली काकांच्या दुकानाचा पत्ता लिहून दुसरी चिठ्ठी डकवली, शेजारी नवी तिकिटं लावली. लिहून झाल्यावर लक्षात आलं की मी लिहिलेलं गाव आणि दुसऱ्या बाजूला छापल्यासारख्या इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं गाव एकच आहे. तोच हत्ती, त्याच गावाला, पुन्हा. जाड पाकिटात घालून पाठवलं असतं तर सुरक्षित गेलं असतं. तशी पाकिटं माझ्याकडे आहेत, त्यांच्याच दुकानातली. पण मग प्रवास त्या पाकिटाचा झाला असता.

पेटीच्या फटीतून ते आत जात नव्हतं, वाकवावं लागलं असतं. मी बदलापूरच्या पोस्टात काउंटरवर दिलं. काउंटरवरच्या बाईंनी ते उलटसुलट केलं.

"काका, हे तर पोहोचलेलं आहे."

"हो. परत पाठवायचंय."

"आत काय आहे?"

"काही नाही."

त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं, शिक्का उचलला आणि नव्या तिकिटांवर मारला. शाई वाळेपर्यंत हात लावू नका, असं मागच्या टेबलावरच्या माणसाला बजावून त्यांनी ते बाजूला एकटं ठेवलं. मी रांगेतून बाहेर आलो तेव्हा ते तिथेच होतं, काउंटरच्या काचेला टेकून, हत्तीची बाजू माझ्याकडे करून.

याला काही दिवस झाले. काकांचा फोन अजून आलेला नाही. टपालाला इतके दिवस लागतात, हे मला माहीत आहे. ते पाकीट माझ्या पत्त्यावर यायचं नाही, हेही माहीत आहे. तरी दुपारी गेटपाशी पोस्टमनची गाडी थांबली की मी गॅलरीत जातो आणि वॉचमन काय घेतो ते वरून बघतो.